घसरता क्लच

शीला म्हणाली, "मी सकाळी बोयसरला भावाकडं चालली. परत यायची नाय."

जगन म्हणाला, "बरं. माझ्याच फेरीला चल, पुढची सीट ठेवतो."

यात टोमणा नव्हता. कोणी कुठं जायचं म्हटलं की जीपवाल्याच्या तोंडून हेच निघतं. भांडण तर झालंच नव्हतं. भांडायला बोलावं लागतं, आणि या दोघांचं बोलणं 'भात वाढ', 'वाढला' एवढ्यावर येऊन थांबलं होतं.

सकाळी खोडाळ्यातून जीप निघाली. या लाइनीला ड्रायव्हरच्या सीटवर ड्रायव्हर धरून दोघं बसतात, नाहीतर गाडी भरली असं कोणी मानत नाही. दाराशी नवशाकाका ऐसपैस, आणि जगन डाव्या कडेला अर्धा लटकलेला. खाली डावा पाय ठेवायला जागाच नाही, म्हणून तो क्लचच्या पेडलवर टाकलेला. काल-आजचा नाही, गाडी घेतल्यापासून.

जव्हारच्या अलीकडं चढ लागला. इंजिन बोंबलायला लागलं, जीप मात्र जागची हलेना. करपल्याचा वास सुटला.

"काय जळतंय रं, जगन्या?"

"क्लचप्लेट, काका."

"म्हंजे?"

"इंजिनाच्या चाकाला ही प्लेट चिकटून फिरते, तवा गाडी चालते. मागून प्रेशर प्लेट तिला दाबून धरते. पेडल दाबला की ती पकड सोडते. माझा पाय कायम पेडलवर. त्यानं ती धड धरत नाय, धड सोडत नाय. घासून घासून संपली."

शीला खिडकीतून बाहेर बघत होती.

"मग पाय काढ ना, येड्या!"

"कुठं ठेवू? तुम्ही बसलाय."

काका रागानं उतरले. मग सगळेच उतरले, मागच्या सीटवरची सकू आणि तिची कोंबडीसुद्धा. सकू म्हणाली, "वहिनी, तू बस आत. मालकीण तू."

"मला जव्हारला बोयसरची बस गाठायचीय," शीला म्हणाली आणि तिनं पदर खोचला.

सगळ्यात जास्त जोर तिनंच लावला. नवरा पुढं स्टेरिंग धरून, बायको मागून ढकलतेय, कशासाठी, तर तिला वेळेवर सोडून जाता यावं. एका कामाला दोघांनी असे हात लावल्याला बरीच वर्षं झाली होती.

ओझं उतरलेली जीप अचानक पकड धरून निघाली. आता थांबली तर पुन्हा उचलणार नाही, हे जगनला माहीत. तो थांबला नाही. मागून नवशाकाकांनी त्याच्या सात पिढ्यांची चौकशी केली. तो वर चढत राहिला, आणि सगळे पॅसेंजर रस्त्यावर टाकून रिकाम्या जीपनं जव्हारला पोचला. रिकामी कसली, शीलाची पिशवी होती की सीटवर.

स्टँडवर बोयसरची बस सुटत होती. ती गेली असती तर दुपारपर्यंत दुसरी नव्हती. शीला कंटाळून परत खोडाळ्याला आली असती, निदान आजच्यापुरती. हे जगनच्या डोक्यात आलं. आलं आणि गेलं. तो पिशवी घेऊन बसच्या पुढं उभा राहिला.

कंडक्टर मंजुषाताई दारातून ओरडल्या, "ओ, मरायचंय का?"

"एक बाई यायचीय, ताई. थांबा जरा."

"कुठंय?"

"मागं. चालत येतेय."

"आणि सामान?"

"ते जीपनं आलं."

मंजुषाताईंनी त्याच्याकडं नीट पाहिलं. प्यायलेला वाटत नव्हता. त्या थांबल्या.

शीला विटांच्या टेम्पोतून आली, केसांत लाल धूळ. तिनं पिशवी घेतली, बसमध्ये चढली, खिडकीशी बसली. जगन खाली उभाच.

"बस कोणी थांबवली?" तिनं विचारलं.

"मी."

"तुला कोणी सांगितलं होतं?"

जगननं आठवून पाहिलं. खरंच कोणी सांगितलं नव्हतं.

घंटी वाजली. बस निघाली तशी शीलानं काच ओढून घेतली. धूळ फार होती, काय करणार.