डोमाजींना परवानगी होती

परमिशन डिनाइड. पडद्यावर हे दोन शब्द उमटले की हर्षाच्या तळपायाची आग मस्तकात जायची.

शेंदुरखेड्याच्या वाचनालयाची ती ग्रंथपाल. सकाळी कुलूप काढणार ती, झाडू मारणार ती, वर्तमानपत्रं टेबलावर मांडणार ती आणि संध्याकाळी कुलूप लावणारही तीच. संगणकावरची धूळसुद्धा तिच्याच ओढणीनं पुसली जायची. पण फोनच्या तारेवरून इंटरनेट लावायचं म्हटलं की त्या संगणकाच्या लेखी हर्षा कुणीच नव्हती.

संगणक अमरावतीच्या एका संस्थेनं देणगी म्हणून दिला होता. तो लिनक्स नावाच्या प्रणालीवर चालायचा. संस्थेचे धर्मेंद्र सर येऊन तो बसवून गेले होते. त्यात एक रूट नावाचा मालक असतो आणि बाकी सगळे साधे वापरणारे. रूट म्हणून बसलं की फोनची तार जोडलेला मोडेम खरखर करून मुकाट्यानं नंबर फिरवायचा. हर्षा म्हणून बसलं की परमिशन डिनाइड. रूटचा पासवर्ड सरांकडे आणि सर अमरावतीला. आले तरी पासवर्ड टाकताना दुसऱ्या हातानं कीबोर्ड झाकायचे, जसं काही हर्षा तिजोरी फोडणार होती.

मागे एकदा तिनं फारच तगादा लावला तेव्हा ते येऊन मोडेमचं दार सगळ्यांसाठी उघडं करून गेले. "घ्या मॅडम, आता कोणीबी लावा," म्हणाले. ते परतीच्या एसटीत बसले नसतील तोवर वीज गेली. परत आली, संगणक नव्यानं सुरू झाला आणि दार पुन्हा बंद. अशी तात्पुरती परवानगी वीज जाईपर्यंतच टिकते, हे सरांनी सांगायला नको? दोन हजार सहा सालच्या भारनियमनात वीज जात नाही असं गाव वऱ्हाडात होतं तरी कुठं?

गावानं मात्र हे सगळं मान्य करून टाकलं होतं. वाचनालयाचे अध्यक्ष किसनराव. त्यांचा झेंडूचा मळा मोठा, फुलं रोज अमरावतीच्या बाजारात जायची, त्यामुळे गावात शब्दाला वजन. ते कुणालाही समजावून सांगायचे, "कंप्युटरचाच नियम हाये बा तो. साध्या मानसाले नाही चालत." माणसानं नाही म्हटलं तर भांडता येतं. यंत्रानं नाही म्हटल्यावर लोक मान हलवून घरी जायचे. हर्षाही कित्येक महिने तेच समजून चालली होती, आणि याचाच तिला पुढे सगळ्यात जास्त राग आला.

त्या दुपारी नीलम धापा टाकत आली. नीलम म्हणजे इंदूबाईची मुलगी. इंदूबाई किसनरावांच्याच मळ्यात फुलं तोडायला जायची आणि त्या मजुरीवर तिनं पोरीला नर्सिंगपर्यंत शिकवलं होतं. अकोल्याच्या एका मोठ्या दवाखान्यात नीलमनं अर्ज केला होता. मुलाखत कधी, हे विचारायला तिनं तिथं फोन लावला, तर पलीकडच्या बाईनं "मेल पाठवलाय, मेल बघा" एवढं बोलून ठेवून दिला.

"परतवाड्याले जातो म्हनलं कॅफेवर, तं तिथं दिवसभर लाइन नाही," नीलम म्हणाली. "ताई, तुमीच पाहा ना. मुलाखत आजउद्यातच असन. गेली तं गेली."

इथली लाइन, म्हणजे वीज, तीनला जायची. हर्षानं मोडेम लावून पाहिला. परमिशन डिनाइड. तिनं सरळ वाचनालयाच्या फोनवरून धर्मेंद्र सरांना गाठलं.

"सर, एका पोरीच्या नोकरीचा सवाल हाये. हे मशीन मले काहून घेत नाही, ते आज एकदाचं सांगा."

"मशीनचं काही नाही मॅडम," सर म्हणाले. "डायलआऊट नावाचा एक गट असते. त्या गटात ज्याचं नाव, त्याले मोडेम वापरता येते. तुमचं नाव त्यात टाकलेलं नाही, एवढंच."

"टाकलेलं नाही म्हंजे? कोनी नाही टाकलं?"

सर घुटमळले. "किसनरावांनी नावं सांगितली तेवढी मी टाकली. वाचनालय समितीची. पहिलं नाव डोमाजींचं."

हर्षानं मान वर करून भिंतीकडे पाहिलं. "डोमाजी? सर, माह्या डोक्यावर त्यायचा हार घातलेला फोटो हाये!"

"आता मले काय मालूम? किसनराव म्हणाले, आमच्या गावात कोणत्याही कामात पहिलं नाव डोमाजींचं लागते."

हे मात्र खरं होतं. वाचनालय काढलं डोमाजींनी. सायकलच्या मागच्या कॅरिअरला पुस्तकांची पिशवी बांधून ते गावभर फिरायचे. इतर कुणी त्या बाजूला फिरकत नसे तेव्हा बुद्धविहाराच्या ओट्यावर पुस्तकं मांडून बसायचे आणि जो हात पुढे करेल त्याला पुस्तक द्यायचे. ते गेले, पण गावातली पत्रिका असो की वर्गणीची पावती, पहिलं नाव अजून त्यांचंच. ती रीत किसनरावांनी संगणकालाही लावली होती.

"मंग माहं नाव टाका आत्ता."

"तिथं येऊन रूट व्हावं लागते मॅडम. एका ओळीचं काम हाये, पण इथून नाही होत."

"मंग पासवर्ड सांगा."

"तो नाही सांगता येत. समितीनं बजावलं हाये. तुमी किसनरावांनाच बसवा ना. सगळ्यांचा पहिला पासवर्ड म्हणजे ज्याचं त्याचं नावच ठेवलं होतं. उद्घाटनाला फक्त त्यांनीच बदलला. बाकी कोणी अजून हातच लावला नाही."

हर्षानं किसनरावांच्या मोबाइलवर फोन लावला. ते मळ्यात होते. मागून बायांचा आवाज येत होता, त्यात नीलमची आईही असणार.

"पासवर्ड?" किसनराव हसले. "ते आमी काय ध्यानात ठेवून राहिलो का? अन् पोट्ट्यायले इंटरनेट मोकळं केलं तं काय काय पाहतीन, तुले मालूम नाही. बैठकीत ठेवू इषय."

"काका, बैठक कधी हाये?"

"घेऊ ना. फुलायचा हंगाम होऊ दे."

हर्षानं फोन ठेवला. ज्यांना परवानगी होती त्यांतल्या एकानंही कधी माउसला बोट लावलं नव्हतं. ज्यांना गरज होती त्यांना यंत्राच्या नावानं गंडवलं होतं. आणि यंत्र बिचारं सांगितलेलं ऐकत होतं!

वीज जायला थोडाच वेळ उरला होता. समितीतल्या नत्थुजींचं नाव टाकून बसता आलं असतं, पण जित्या माणसाचं नाव त्याला न विचारता वापरणं तिच्या जिवावर आलं. तिनं फोटोकडे पाहिलं. डोमाजी टोपी घालून नेहमीसारखे किंचित हसत होते. या माणसानं हात पुढे करणाऱ्याला कधी नाही म्हटलं होतं का?

"बाबा, माफ करा," ती म्हणाली आणि खुर्चीत बसली. नावाच्या जागी डोमाजी. पासवर्डच्या जागी पुन्हा डोमाजी.

संगणकानं वाट दिली. तिनं मोडेम लावला. तो खरखरला, किंचाळला आणि लागला.

नीलमची मेलपेटी उघडायला जीव खाणारा उशीर लागला, पण उघडली. मुलाखत दुसऱ्या दिवशी सकाळी, अकोल्याला. नीलमनं पत्ता हातावरच लिहून घेतला आणि ती पळत सुटली. पाठोपाठ वीज गेली.

ही गोष्ट लपून राहणार नव्हतीच. डोमाजीबाबाच्या नावानं माह्या पोरीचं पत्र उघडलं, असं इंदूबाईनं फुलं तोडता तोडता साऱ्या मळ्याला सांगितलं. ज्या बैठकीला हंगाम सरायची वाट पाहायची होती, ती लगेच त्याच आठवड्यात भरली. धर्मेंद्र सरांना अमरावतीहून बोलावून घेतलं. ठराव एकच: कैलासवासी डोमाजींचं नाव संगणकातून काढून टाकावं.

"मेलेल्या मानसाच्या नावानं तू मशीन चालवतं?" किसनराव सगळ्यांसमोर कडाडले. "काही लाजलज्जा?"

आता मात्र हर्षानं आवाज आवरला नाही. "त्यायच्याच नावानं चालवा लागलं काका! या मशीनच्या जवळ मी रोज बसतो, मले परवानगी नव्हती. ज्या पोरीची नोकरी होती तिले नव्हती. मेलेल्या मानसाले होती! हे कोनं केलं? कंप्युटरनं? का तुमी?"

नत्थुजी खिडकीबाहेर पाहू लागले. तेवढ्यात दारात इंदूबाई आली, हातात पेढ्यांचा पुडा. बैठक चालू असताना ती एरवी उंबऱ्याबाहेर थांबायची. आज सरळ आत आली, स्टूल ओढून त्यावर चढली आणि पहिला पेढा तिनं डोमाजींच्या फोटोच्या चौकटीवर ठेवला.

"लागली माही पोरगी," ती खाली उतरत म्हणाली. मग पडद्यासमोर बसलेल्या सरांकडे पाहून तिनं विचारलं, "काढून राहिले का त्यायचं नाव? काहून? त्यायनं काय वाईट केलं?"

सरांची बोटं कीबोर्डवर अडली. ते किसनरावांकडे पाहू लागले आणि किसनराव त्या पेढ्याकडे.

"सर," हर्षा म्हणाली, "माहं नाव टाकू नका, असं ठरावात हाये?"

"नाही."

"मंग टाका. अन् ज्याचं ज्याचं वाचनालयात नाव हाये, त्या सगळ्यायचं टाका. अन् डोमाजीबाबाचं राहू द्या."

किसनरावांनी तोंड उघडलं, पण इंदूबाईनं पेढा पुढे केला होता आणि सगळे बघत होते. त्यांनी तो घेतला. सरांनी या वेळी हात आडवा न धरता पासवर्ड टाकला आणि एक ओळ लिहिली.

"हे घ्या तुमचं. बाकीच्यांची टाकतो आता. तुमी फक्त एकदा मशीनमधून बाहेर पडून परत आत या. त्याशिवाय लागू होत नाही."

हर्षा बाहेर पडली आणि परत आत आली, या वेळी स्वतःच्या नावानं. मोडेम खरखरला, किंचाळला आणि लागला. लोकांना वाटलं आता ती हसेल. तिच्या डोळ्यांत रागानं पाणी आलं होतं.

"एवढंच होतं?" तिनं विचारलं. "एवढ्यासाठी इतके दिवस?"

तोंडात पेढा होता, म्हणून किसनरावांना उत्तर देता आलं नाही.