धनेशीण भिंत फोडते

सुचेताला तिसऱ्यांदा दिवस गेले, तेव्हा मी देवापुढे पाणी सोडून नेम धरला: तिचं बाळंतपण सुखरूप होईपर्यंत वसाहतीचं फाटक ओलांडणार नाही. आधीची दोन टिकली नव्हती.

ह्यांनी चष्मा कपाळावर चढवला. "मुलगी शहराच्या दुसऱ्या टोकाला, कोलार रोडला, आणि आई इथे कोंडून घेणार? देवाने मागितलं का हे तुझ्याकडे?"

वाद मला जमत नाहीत, नेम जमतात.

आमच्या क्वार्टरसमोर जुना शिरीष आहे. चैत्रात त्याच्या ढोलीत धनेशाची मादी शिरली आणि आतून माती-विष्ठेने तोंड लिंपून बसली. चोच बाहेर येईल एवढीच फट राहिली. नर दिवसभर वडाची, उंबराची फळं आणून भरवायचा. तुळशीला पाणी घालून झालं की मी झाडाखाली जाऊन उभी राहायचे. मनात म्हणायचे, बाई, तूच माझी गुरू.

वैशाखात डॉक्टरांनी सुचेताला अंथरुणातून हलायची मनाई केली. तिचे फोन वाढले.

"सासूबाई करतात गं सगळं. पण पोटात जरा वेळ हललं नाही की मी श्वास धरून बसते. तू ये ना."

"अगं, तुझ्यासाठीच तर नेम—"

"मला विचारून धरलास?"

तिने फोन ठेवला. त्या दिवसापासून जपात मन लागेना. माळ हातात फिरायची आणि डोळ्यांपुढे तिचा श्वास धरलेला चेहरा. फाटकापर्यंत जायचे, चौकीदार विचारायचा, "कहीं जाना है, माताजी?" मी मान हलवून परत फिरायचे. गेले आणि काही झालं तर? नाही गेले आणि झालं तर?

ज्येष्ठात एका सकाळी ढोलीची भिंत फुटलेली दिसली. मादी बाहेर फांदीवर, पिसं विस्कटलेली. आत पिलांचा कल्ला.

"अहो, ही बाहेर आली! लेकरं उघडी टाकून!" मला रडूच फुटलं. ह्यांनी कावळे हाकलायला काठी घेतली आणि झाडाखाली खुर्ची मांडली.

बघता बघता भगदाडात लहान लहान चोची दिसू लागल्या. पिलंच आतून भिंत लिंपत होती! मादी उडाली ती उंबर घेऊनच परतली. मग नर, मग पुन्हा ती.

"तोंडं मोठी झाली त्यांची," हे म्हणाले. "एकट्या नराला पुरं पडेना."

मी किती वेळ उभी होते कोण जाणे. आत बसणं पिलांसाठी, बाहेर येणंही पिलांसाठी. तिला दोन्हींत फरकच नव्हता. मी मात्र भिंतीलाच देव मानून बसले होते.

"रिक्षा आणता का?" मी विचारलं. ह्यांनी चपला शोधायलाही वेळ घेतला नाही.

फाटक ओलांडताना डोळे मिटले. म्हटलं, देवा, चुकत असेन तर शिक्षा मला कर, तिला नको.

सुचेता मला पाहून उठायलाच निघाली. "आई! आणि नेम?"

"मोडला."

तिचा चेहरा पांढरा पडला. हात पोटावर गेला. "आता मलाच भीती वाटतेय गं."

"मलाही वाटतेय," मी म्हणाले. "सरक जरा. पाय इकडे दे, सुजलेत किती!"