गुलाबच्या डोक्यावरची कळशी

मित्रांनो, मी एक जुनी पितळी कळशी आहे. तांबटाने मला ठोकून घडवलं आणि मुरुम गावच्या बाजारातल्या कल्याणप्पांच्या दुकानातून मथुराबाईंनी मला घरी आणलं. तेव्हा मी इतकी लखलखत होते, की शेजारणी मला हातात घेऊन पाहत. भीती मला ठाऊकच नव्हती.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. गावातले आड आटले. मथुराबाईंची लेक गुलाब रोज दीड कोसावरच्या बारवेतून पाणी आणू लागली. घरातली घागर आधीच फुटली होती. पाणी वाहायला एकटी मीच उरले होते.

त्याच साली सोसायटीचं नवं गोदाम बांधून झालं. उद्घाटनाला शाळेतल्या मुलींचा नाच ठरला. शेवटी गुलाबने भरलेली कळशी डोक्यावर घेऊन तीन गिरक्या घ्यायच्या होत्या. पहिल्याच सरावात दुसऱ्या गिरकीला ती भोवंडली आणि मी दगडावर आपटले. माझ्या कुशीला खोल पोचा पडला.

"ही फुटली तर पाणी काय वंजळीत आणू?" मथुराबाई कडाडल्या. "बास झालं तुझं नाचणं!"

त्या दिवसापासून मला डोक्यावर घेताना गुलाबची मान थरथरे, आणि माझ्या पोटातलं पाणीही.

शाळेतल्या कमलबाई घरी आल्या. "मथुराबाई, आठ दिवस द्या मला. आधी कळशीशिवाय शिकवते." मथुराबाई नाही म्हणाल्या नाहीत.

बाईंनी गोदामाच्या भिंतीवर चुन्याची फुली काढली. "टाच उचल, चवड्यावर फिर. हात अंगाजवळ. वळून आलीस की आधी ही फुली शोध. डोळे भटकले की चक्कर येते."

"बाई, मला लई भ्या वाटतंय."

"वाटू दे. घाई तेवढी करू नको."

तीन दिवस एकच गिरकी. मग दोन. मग अर्धी भरलेली मी. शेवटच्या दिवशी तिसरीही जमली, पण माझा धीर काही परत आला नाही.

उद्घाटनाला सगळा गाव लोटला. गुलाबने पहिली गिरकी घेतली, डोळ्यांनी भिंत गाठली, आणि तिथे फुली नव्हती! कुणीतरी फुलीवर कापडी फलक बांधला होता. गुलाबची मान ताठरली. पाणी एका बाजूला गेलं, माझ्याखालची चुंबळ सरकली. आता मी पडणार, फुटणार!

तेवढ्यात बायकांच्या गर्दीतून मथुराबाई उठल्या. डोळे विस्फारून त्या नुसत्या समोर उभ्या राहिल्या. गुलाबची नजर आईच्या चेहऱ्यावर टेकली. दुसरी गिरकी. तिसरी. ती थांबली. ओंजळभर पाणी तेवढं तिच्या वेणीवरून ओघळलं.

मथुराबाईंनी धावत येऊन मला उतरवलं. आधी माझं बूड तपासलं, मग पदराने लेकीची मान पुसली. गुलाब शांत उभी होती.

पुढे प्लास्टिकच्या घागरी आल्या. गुलाब सासरी गेली. माझं बूड पाझरू लागलं, अंगावर हिरवट थर चढला आणि मी माळ्यावर पडले. गल्लीत जुनी भांडी विकत घेणाऱ्या मोडवाल्याची हाक आली की आजही माझा जीव गोळा होतो.

मित्रांनो, घाबरत घाबरत कुणी काही शिकत असेल, तर त्याच्यावर ओरडू नका. आणि घरातलं जुनं भांडं मोडीत घालण्याआधी एकदा गळकं बूड डाग देऊन झाळून घ्या, चिंचेनं घासा, आणि पुन्हा पाणी भरून बघा.