पाचवा नियम

क्रेटला पिंजरा म्हणायचं नाही, असा श्रीमंतरावांच्या घरात कायदा होता. शेजारच्या केवळाबाई एकदा बोलून गेल्या, "पिंजरा लई झ्याक हाय हो," तर श्रीमंतरावांनी त्यांना उभ्या उभ्या पंधरा मिनिटं समजावलं. पिंजरा कोंडायला असतो, क्रेट ही कुत्र्याची स्वतःची खोली असते. केवळाबाई "हाव, हाव" म्हणाल्या आणि चहा न पिताच निघून गेल्या.

कचेरीत सहा-सहा महिने फाइल हलू न देणारा हा माणूस ब्रूनोपुढं मात्र भलताच तत्पर होता. ब्रूनो म्हणजे आठ महिन्यांचं लॅब्रॅडॉर. नांदेडात, तरोडा नाक्याच्या घरात येताच त्यानं सोफ्याचा कोपरा फस्त केला, म्हणून क्रेट आला. श्रीमंतरावांनी रात्रंदिवस व्हिडिओ पाहून पाच नियम स्वतःच्या अक्षरात लिहिले आणि फ्रिजवर लावले. दार उघडं ठेवा. जेवण आतच द्या. घरचा वास असलेलं कापड अंथरा. शिक्षा म्हणून कधीच आत घालू नका. पाचवा लाल शाईनं होता: रडू आलं तर नखरे समजू नका, आपली घाई झाली, दार उघडा, दोन पावलं मागं या.

रोज संध्याकाळी ते फरशीवर पालथे पडून क्रेटमध्ये उकडलेल्या चिकनचा तुकडा सरकवायचे. ब्रूनोनं एक पाय आत टाकला की, "शाब्बास रे वाघा!" आत बायकोची, उज्वलाबाईंची, जुनी सुती साडी अंथरलेली. एकदा दार चार मिनिटं लावलं तर ब्रूनो कुईकुई करायला लागला. श्रीमंतरावांनी झटकन दार उघडलं आणि त्याची चक्क माफी मागितली.

त्यांची एकुलती एक लेक अक्षरा जूनपासून लातूरला होती, डॉक्टरकीच्या प्रवेशपरीक्षेसाठी. हॉस्टेलच्या खोलीत तीन खाटा आणि एक खिडकी, तीही शेजारच्या भिंतीकडं तोंड केलेली. फोन फक्त रविवारी, दहा मिनिटं. आईनं पाठवलेली गोधडी 'बाहेरचं अंथरूण चालत नाही' म्हणून परत आली होती. नांदेडात गल्लोगल्ली क्लासेस आहेत, पण श्रीमंतरावांना लातूर पॅटर्नच हवा होता. गावात सांगायला बरं पडतं.

रविवारी फोन आला तेव्हा ते फरशीवरच होते.

"पप्पा, मला इथं झोप येईना. जेवण जाईना. मी नांदेडलाच क्लास लावते ना."

"सवय लागते बेटा. पहिले सगळेच रडतात."

"पाच महिने झाले, पप्पा."

"मग आता लागंलच की. रडून कुठं दार उघडत असतं का?" आणि त्याच दमात ते ओरडले, "शाब्बास!" ब्रूनो आपणहून आत जाऊन बसला होता. तिकडून फोन कट झाला. दहातली चार मिनिटं अजून शिल्लक होती.

उज्वलाबाई स्वयंपाकघरातून सगळं ऐकत होत्या. दुसऱ्या दिवशी त्या पहाटेच्या एसटीला निघाल्या. "पोरीला डबा देऊन येते."

"जा. पण रडली तर विरघळू नको," श्रीमंतराव अंथरुणातूनच बोलले. दुसऱ्याला ब्रह्मज्ञान सांगायला त्यांना कधी उठावं लागलं नाही. फ्रिजवरचा कागद गेलेला त्यांना दिवसभर दिसलाही नाही.

संध्याकाळी मोठाच पराक्रम झाला. ब्रूनो दार लावलेल्या क्रेटमध्ये अर्धा तास घोरला. नातेवाइकांना पाठवायला श्रीमंतराव त्याचा व्हिडिओ काढत होते, तेवढ्यात बेल वाजली. दारात उज्वलाबाई, आणि मागं बॅगेसकट अक्षरा. पोरीच्या गालांची हाडं वर आली होती.

"हे काय करून राहिलीस तू? पोरीचं वर्ष वाया घालवलंस!"

उज्वलाबाईंनी पर्समधून घडी केलेला कागद काढला, पुन्हा फ्रिजवर लावला आणि लाल शाईवर बोट ठेवलं. "वाचा."

"ते कुत्र्यासाठी हाय!"

"हाव ना. पोरीसाठी तुम्ही कुठं काय लिहिलं?"

श्रीमंतरावांना लाज वाटली, आणि ती लपवायला या घरात जागा नव्हती.

अक्षरा काही न खाता आपल्या खोलीत गेली, गोधडी ओढून घेतली आणि बॅग न उघडताच आडवी झाली. काहीतरी बरं करावं म्हणून श्रीमंतराव तिच्या दाराशी गेले. ब्रूनोच्या भुंकण्यानं तिची झोप मोडू नये, म्हणून त्यांनी दार हळूच ओढायला घेतलं.

"दार लावू नका, पप्पा," ती झोपेतच दचकून म्हणाली.

त्यांनी हात काढला. दार पुरतं उघडलं. आणि श्रीमंतराव दोन पावलं मागं आले.