कडूबाईंना मारलेली हाक

मित्रांनो, तुमच्याशी बोलतोय तो पत्र्याचा एक जुना कर्णा. एका बाजूने मी निमुळता आहे, दुसऱ्या बाजूने पसरट. निमुळत्या तोंडाला ओठ लावून बोललं की आवाज पार नदीपल्याड जातो. कोल्हापुरात नरसाळी बनवणाऱ्या एका कारागिराने मला घडवलं. माझी भावंडं रॉकेलच्या दुकानांत गेली आणि मी सिनेमाच्या स्टुडिओत. तेव्हा मला त्याचा केवढा तोरा होता! आज ते दिवस आठवले की शरम वाटते.

माझे मालक मार्तंडराव मूळचे मराठवाड्यातल्या तेर गावचे. वडील विष्णुपंत गावात मास्तर होते. मुलाने कुठेतरी कारकुनी धरावी असं त्यांना वाटे, आणि मुलाला नाद नाटकाचे पडदे रंगवण्याचा. निजामाचं राज्य गेलं, मराठवाडा मोकळा झाला, आणि मार्तंडराव कोल्हापूरला आले. तिथे त्यांनी स्टुडिओचे पडदे रंगवले. मग एका दिग्दर्शकाच्या हाताखाली राबले, बोलणी खाल्ली. पुढे ते स्वतः दिग्दर्शक झाले, तेव्हा त्यांनी पहिली वस्तू घेतली ती म्हणजे मी. पहिला चित्रपट साफ पडला. दुसरा बरा चालला. तिसऱ्याच्या वेळी ते मला घेऊन आपल्या गावी, तेरणेच्या काठी आले.

प्रसंग असा होता. गावातली माणसं लढाईवर गेली आहेत, ती नदी ओलांडून परत येतात, आणि काठावरच्या बायका त्यांना बघतात. बायका गावातल्याच घेतल्या होत्या. पण कॅमेरा सुरू झाला की त्या तोंडाला पदर लावून हसायच्या. मार्तंडरावांनी समजावलं, विनवलं, ओरडून पाहिलं. काही केल्या जमेना.

"साहेब, उन्हं चालली," कॅमेरामन म्हणाला.

त्या बायकांत कडूबाई होत्या. त्यांचा एकुलता एक मुलगा शिवलिंग मार्तंडरावांचा बालमित्र. दोघं याच नदीत पोहायला शिकले. रझाकारांच्या धामधुमीत शिवलिंग एकदा घराबाहेर पडला तो परत आलाच नाही. तो मेला असं कुणी सांगितलं नाही, जिवंत आहे असंही कुणी सांगितलं नाही.

मार्तंडरावांनी कडूबाईंकडे पाहिलं. कॅमेरामनला हळूच खूण केली आणि मला ओठांशी धरलं.

"कडूबाई मावशी! शिवलिंग आला! नदीकडं बघा, शिवलिंग आला!"

मित्रांनो, ते शब्द माझ्याच पोटातून गेले. घुमत, मोठे होऊन गेले. कडूबाई गर्रकन वळल्या. डोईवरचा पदर घसरला. त्या पाण्यात उतरल्या, गुडघाभर पाण्यात उभ्या राहून पलीकडचा काठ शोधू लागल्या. मागच्या बायकांचं हसू जागीच थिजलं. कॅमेरा चालू होता.

काम संपलं, गड्यांनी सामान आवरलं. मार्तंडराव कडूबाईंकडे गेले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी एक लुगडं पाठवलं. ते घडी न मोडता परत आलं.

चित्रपट खूप चालला. कोल्हापूर, पुणे, जिथे जावं तिथे लोक त्या बाईच्या चेहऱ्याबद्दल बोलायचे. असा अभिनय करून कसा घेतलात, असं विचारायचे. मार्तंडराव नुसते हसायचे. हार पडायचे. माझंही कौतुक व्हायचं, कुणी मला हातात धरून फोटो काढायचा. पण मी टेबलावर पडलेला असताना पाहिलंय, एकटे असले की ते माझं तोंड भिंतीकडे फिरवून ठेवत.

मग गावोगाव सिनेमा दाखवत फिरणाऱ्या धुळाप्पांचा तंबू तेरला आला. गावाने मार्तंडरावांचा सत्कार ठरवला. चार शब्द बोलायचे म्हणून ते मलाही घेऊन गेले. आधी चित्रपट, मग हार. पुढच्या रांगेत कडूबाई बसल्या होत्या.

पडद्यावर कडूबाईंचा चेहरा आला. तंबूभर मोठा. मागोमाग दिसला पाण्यातून येणारा नायक, तोंडाला रंग लावलेला. तशा कडूबाई उठून उभ्या राहिल्या.

"ह्यो कोण? म्या ह्याला न्हाय बघत व्हते! म्या ज्याला बघत व्हते, त्यो कुठं हाय? त्याला का न्हाय दावत?"

धुळाप्पांनी मशीन थांबवलं. मार्तंडरावांनी मला खाली मातीत ठेवलं आणि ते जाऊन कडूबाईंच्या पायाशी बसले.

"मावशी, लई मोठी चूक झाली. पदरात घ्या."

कडूबाई परत खाली बसल्या. मग म्हणाल्या, "मार्तंडा, तू आन त्यो एका ताटात जेवलात. तुला रडणारी बाई पायजे व्हती, तर माझ्या दारात यायचं व्हतं. म्हणायचं व्हतं, मावशी, माझ्यासाठी रडा. म्या रडले असते की रं. शिवलिंगाच्या दोस्तासाठी रडले असते. तू इचारलंच न्हाईस."

हार तसाच तबकात राहिला. सत्कार झाला नाही.

तो प्रसंग कापून टाका, म्हणून मार्तंडरावांनी चित्रपटाच्या मालकांकडे खेटे घातले. "लोक तेच तर बघायला येतात," मालक म्हणाले. पुढे मार्तंडरावांनी आणखी दोन चित्रपट काढले. दोन्ही चालले नाहीत. त्यांत गर्दीतल्या प्रत्येक माणसापाशी ते स्वतः चालत जात, काय हवंय ते सांगत, जमेल का विचारत. मला त्यांनी विष्णुपंतांच्या शाळेत देऊन टाकलं.

आता माझ्यावर पोचे आलेत, कडेला गंज चढलाय. मला कल्हई करा, पुसून ठेवा, असं मी म्हणणार नाही. मित्रांनो, माझ्यातून खुशाल ओरडा, कबड्डीचे गुण सांगा, प्रभातफेरीत घोषणा द्या. फक्त कुणाच्या दुःखाला हात घालायची वेळ आली, तर मला बाजूला ठेवा. त्या माणसाच्या दारात जा, आणि हळू आवाजात आधी विचारा.