बायोप्लाझमची बोळवण

मी बायोप्लाझम बोलतोय. दचकू नका, मी भूत नाही आणि देवही नाही. मी एक शब्द आहे, विज्ञानाने टाकून दिलेला. मला देव करायची सुरुवात झाली ती वऱ्हाडातल्या चिखलीच्या बाजारात, आणि त्याबद्दलचा माझा राग अजून गेलेला नाही.

जन्म माझा लंडनचा. सूक्ष्मदर्शकाखाली पेशीचा जो भाग तांबडा रंग शोषून घेई तो जिवंत, असं एका डॉक्टरने ठरवलं आणि त्या भागाला माझं नाव दिलं. काही वर्षं मी रुबाबात काढली. मग विद्वानांना दुसरा शब्द पसंत पडला आणि माझी पुस्तकं रद्दीत गेली. रिकाम्या शब्दाला कोणीही कामाला जुंपतं.

मला जुंपलं वैजनाथने. नागपूरला कॉलेज अर्धवट सोडलेला हा माणूस बडीशेप उकळलेलं गुळाचं पाणी बाटल्यांत भरी आणि वर माझं नाव छापी. वऱ्हाड तेव्हा, इंग्रजांच्या राज्यात, मध्यप्रांताला जोडलेलं होतं. हिवतापावर कुनैनच्या पुड्या पोस्टात स्वस्तात मिळत, हीच त्याच्या धंद्याची अडचण होती. म्हणून तो बाजारात ओरडे, "बायोप्लाझम म्हणजे अंगातला जीव! कुनैन घ्याल तर हा जीव जळून जाईल!"

इतकं धडधडीत खोटं, आणि तेही माझ्या नावावर!

जवळच्या उंद्री गावच्या गोजरबाईने ते ऐकलं. तिची लहानगी शेवंता हिवतापाने फणफणली होती आणि कडू कुनैन थुंकून टाकत होती. गोजरबाईने बाटली घरी नेली, भिंतीतल्या देवळीत ठेवली, हळदकुंकू वाहिलं. घरात कुणाला देवी आल्या, अंगावर फोड उठले, की फोडणी बंद, औषध बंद, देवीचा मान राखायचा, ही तिकडची रीत. तोच मान तिने मला दिला. कुनैन बंद झालं.

शेवंता गोड पाणी आवडीने पिई आणि एक दिवसाआड थंडीने कुडकुडे. दात वाजत, गोधड्या पुरत नसत. पोर दिवसेंदिवस पिवळी पडत चालली होती. मी देवळीतून बघत होतो.

शेवटी तिचा बाप निवृत्ती पोस्टातून पुडी घेऊन आला.

"अवं, दे हे तिले."

"आन् देव कोपला म्हंजे?"

"देव? गुळाचं पानी हाय थे!"

"तुमाले काय जाते बोलाले? पोर माही हाय."

"मंग माही नाही काय?"

तो बाटली फोडायला धावला. ती देवळीपुढे आडवी झाली. "फोडा! पोरीले काही झालं त तुमच्या माथी!"

निवृत्तीचा हात खाली आला. शहाणपण त्याच्याकडे होतं, पण भीतीपुढे त्याचं काही चालेना.

दारात डाळ पाखडणाऱ्या सासूबाई, झुंबरबाई, इतका वेळ ऐकत होत्या.

"काऊन भांडता? देव आला हाय ना? मंग त्याचं पाहुनपन झालं, आता त्याले धाडा. गोजरे, दहीभात कालव."

"असं कसं धाडाचं, आत्याबाई?"

"कसं म्हंजे? या घरातून देवी नाही धाडल्या म्या? मानानं गेलेला देव कोपत नसते. फकत इचारून घे, दहीभात चालते, का त्याले इंग्रजी बिस्कुट लागते!"

निवृत्ती हसला. गोजरबाई हसली नाही, पण आडवी धरलेली तिची कोपरं सैल झाली.

सुपात निंबाचा पाला, दहीभात आणि मी. शिवेवरच्या बाभळीखाली मला ठेवून गोजरबाईने हात जोडले. "आले तसे सुखानं जा. माह्या लेकराले सोडा." आणि मागे न बघता ती घराकडे जवळजवळ धावतच गेली. घरात पुडी तयार होती.

पुढे दवाने माझं लेबल सुटलं, बाटलीत मुंग्या शिरल्या. कापूस वेचायच्या दिवसांत मायलेकी त्या वाटेने आल्या. शेवंता पुढे पळत होती. गालांवर पुन्हा रंग होता.

"माय, थो पाह्य तुहा देव!"

"पाहू नोको तिकडं. चाल."

दोघी गेल्या. कुणी हात जोडले नाहीत. देवळीत मानपान मिळाला, पण इतकं हलकं मला कधीच वाटलं नव्हतं.

आता मी एका जाड शब्दकोशात, कुणी न उघडणाऱ्या पानावर असतो. झोप छान लागते. वैजनाथसारख्यांचं दुकान मात्र चालूच आहे, त्यांना रोज नवा शब्द लागतो. तसा एखादा शब्द दाराशी आला, तर त्याचा अर्थ विचारा. सांगता आला नाही, तर दहीभात द्या आणि वाटेला लावा.