तिसरी दुपट

सासऱ्यांच्या कारखान्यात सून आता चारच दिवसांची पाहुणी होती. दूरच्या विद्यापीठात संशोधनाची जागा मिळाली होती. अर्ज करायला नवऱ्यानंच तिला भरीस घातलं होतं. सासऱ्यांनी मात्र तोंड पाडून होकार दिला होता.

त्या सकाळी कंट्रोल रूममध्ये मोठ्या ब्लोअरच्या कंपनांची पडद्यावरची रेघ पाहून ती पुढे वाकली. एरवी एकसारखा पडणारा ठोका एक मोठा, एक लहान असा पडत होता. भट्टीला हवा हवी म्हणून सासऱ्यांनी वेग वाढवला, तशी चार वेगवेगळ्या ठोक्यांची साखळी झाली. ठोके असे दुप्पट होत जाण्याच्या याच गणितात तिनं उमेदीची वर्षं घातली होती.

“बाबा, वेग उतरवा.”

“चाललंय की नीट! तुझं गणित कागदावर राहू दे.”

“लय दोनदा दुप्पट झालीय. आता वेग आणखी जरासा वाढला की तिसरी दुपट येईल, चौथी त्याहून लवकर. मग लयच उरणार नाही. तेव्हा काय होईल, ते मलाही सांगता येणार नाही.”

सासऱ्यांनी वेग चढवलाच. साखळी आठांची झाली आणि बघता बघता रेघेचा नुसता गुंता झाला. नवरा खाली ब्लोअरपाशीच होता. तिनं यंत्र बंद केलं, पण ते लगेच थांबणार नव्हतं; तिनं माइक हिसकावला.

“बाहेर पळ! आहेस तसा पळ!”

तो दारापर्यंत पोचला आणि मागे ब्लोअरचं कवच फुटलं. तो उभा होता तिथं पत्रा येऊन रुतला.

नवरा धडपडत वर कंट्रोल रूममध्ये आला. सासऱ्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. “पोरी, चुकलं माझं. आता सगळी यंत्रं तुझ्या नजरेखाली. तू असलीस की आम्हाला घोर नाही.”

“पण बाबा, मी तर निघाले...”

“याला असा टाकून?”

तिनं नवऱ्याकडे पाहिलं. त्यानं तिचं मनगट धरलं. “नको जाऊस,” एवढंच तो म्हणाला.

तिनं विद्यापीठातल्या सरांना फोन लावला. “सर, सध्या जमणार नाही.”

“सध्या म्हणजे कधीपर्यंत?”

तिनं फोन ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी सासऱ्यांनी कंट्रोल रूममध्ये तिच्यासाठी नवी खुर्ची आणवली, चांगली गादीची. सगळे कौतुकानं बघत होते. ती बसली.